तिच्या हातचं नको

सोनी सात वर्षांची असताना तिची आई अलका मस्कतला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला गेली, आणि परत आली तेव्हा सोनी दहा वर्षांची झाली होती. येताना आईने तिच्यासाठी दोन फ्रॉक आणले, दोन्ही आखूड निघाले. चॉकलेटचा मोठा डबा आणला, तो सोनीने दुसऱ्याच दिवशी वर्गात नेऊन वाटून टाकला. स्वतः एक तुकडाही तोंडात टाकला नाही. अलकाने विचारलं तर म्हणाली, मला गोड आवडत नाही. तिचे वडील वाल्मिक तिथेच बूट घालत बसले होते. पोरगी साखर चोरून खाते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण ते नाडी बांधत राहिले.

तिघं सिल्वासात आमळीच्या एका तीन मजली इमारतीत राहायची. वाल्मिक मूळचे शहाद्याकडचे, यार्नच्या कंपनीत मशीनवर, सकाळी सात ते तीन. अलका आधी एका कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाक करायची. मुंबई-पुण्याचे साहेब तिथे उतरायचे, आणि कुणी फोनवर दाखवून अमुक करून बघा म्हटलं की ती करून बघायची. हात चांगला होता. वापीच्या एका एजंटाने मस्कतचं काम सांगितलं तेव्हा घरात कुणीच हो म्हटलं नव्हतं. ती दोन वर्षांचा करार करून गेली. जाताना सोनीला सांगितलं, दोन दिवाळ्या झाल्या की मी येते. दोन दिवाळ्या झाल्या. मग हॉटेलने तिला सकाळच्या नाश्त्याचा काउंटर सांभाळायला दिला आणि आणखी एक वर्ष राहा म्हणून सांगितलं. ती राहिली. ते तिने घरी फोनवर कळवलं.

त्या तीन वर्षांत वाल्मिक स्वयंपाक शिकले, म्हणजे खिचडी, वरण-भात आणि बटाट्याची भाजी शिकले. खानावळीतून कधी शेवभाजी आणायचे. त्यांची मोठी बहीण चिमाबाई किलवणीला राहायची. ती एक दिवसाआड रिक्षाने यायची, पोरीची वेणी घालायची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी थापायची. सोनी ह्याच पाच गोष्टी खायची. सहावी कुणी तिला विचारली नाही.

आईने केलेलं ती खात नसे. रडणं नाही, आदळआपट नाही. ताट पुढे आलं की एका बोटाने ते सरकवायची आणि म्हणायची, नको. मग पप्पा यायची वाट बघत बसायची. शाळा साडेबाराला सुटायची, वाल्मिक साडेतीनला घरी पोचायचे, तोपर्यंत ती पाणी पिऊन बसे. एकदा अलकाने पप्पांसारखीच खिचडी केली. तीच डाळ, तोच तांदूळ, तोच कुकर. सोनीने एक शीत जिभेवर ठेवलं आणि ताट सरकवलं.

"ही पप्पांची नाही."

अलकाने त्या दिवशी ती खिचडी एकटीने संपवली. मस्कतच्या काउंटरवर रोज सकाळी तीनशे माणसं तिच्या हातचं खाऊन जायची. दहा-बारा देशांची माणसं असायची ती. घरातलं एक पोर तिच्या हातचा भात खात नव्हतं, आणि ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना कळली होती.

फेब्रुवारीत शाळेत तपासणी झाली. सोनीचं रक्त कमी निघालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि खाण्यात काय काय असतं ते विचारलं. सोनीने पाच नावं सांगितली. हिरवी भाजी नाही, फळ नाही, अंडं नाही, मोड आलेलं काही नाही. बाईंनी अलकाला विचारलं, तुम्ही काय करता? अलका म्हणाली, मी शेफ होते. बाई हसल्या नाहीत, पण कागदावर लिहिता लिहिता त्यांचा पेन थांबला. त्या म्हणाल्या, मुलं स्वतः केलेलं खातात, तिला हाताशी घ्या, नवीन काही करा, दोन-चार मुलं जमवा म्हणजे एकमेकांचं बघून खातील.

घरी हे सांगितल्यावर वाल्मिकांनी हातातला मोबाईल उपडा ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे मी उपाशी ठेवलं तिला."

अलका म्हणाली, असं कुणी म्हटलं नाही. ते म्हणाले, कागदावर तेच लिहिलंय. त्यानंतर चार दिवस ते तिच्याशी कामापुरतं बोलले. खिचडी मात्र रोज स्वतः केली, आणि त्यात मुद्दाम पालक टाकला. सोनीने पालकाचं पान न् पान वेचून बाजूला ठेवलं. त्याचाही राग वाल्मिकांनी अलकावरच काढला.

तरी तिने रविवारचा वर्ग सुरू केला. इमारतीतली सात मुलं जमली. खालच्या मजल्यावरच्या ममताची चार वर्षांची गुड्डी, समोरचा संजू, दुसऱ्या मजल्यावरची दोघं भावंडं, अशी. कुणी उत्तर प्रदेशचं, कुणी सुरतेकडचं, सगळी आपसात हिंदीत बोलायची. दर रविवारी एक देश. अलकाकडे लाल पुठ्ठ्याची एक वही होती. मस्कतमध्ये बरोबरीच्या आचाऱ्यांकडून शिकलेलं सगळं तिने त्यात मराठीत लिहून ठेवलं होतं. त्यातलं इथे मिळेल त्या सामानात बसेल असं ती निवडायची.

पहिल्या रविवारी मेक्सिको. मक्याच्या पिठाच्या रोट्या मुलांनीच थापल्या, आत कुस्करलेला राजमा आणि कच्चा टोमॅटो. दुसऱ्या रविवारी लेबनॉन. छोले शिजवून तिळाबरोबर खलबत्त्यात कुटले, वांगं गॅसवर भाजलं आणि मुलांनी सोललं. संजूने आयुष्यात वांगं खाल्लं नव्हतं, त्याने वाटी चाटली. तिसऱ्या रविवारी जपान. इंद्रायणी तांदळाचा चिकट भात ओल्या हाताने वळून त्यात बीट आणि पालक भरला. चौथ्या रविवारी इथिओपिया. तिकडचं धान्य मिळालं नाही, म्हणून नागलीचं पीठ दोन दिवस आंबवून मोठी जाळीदार धिरडी केली, त्यावर मसुराची घट्ट आमटी, आणि सगळ्यांनी एकाच ताटातून खाल्लं. मुलांच्या आया येऊन सांगायला लागल्या की आमचा गाजर मागतो, आमची डाळ पिते. ममता तर आपल्या गुड्डीचे फोटो काढून गावी सासूला पाठवायची.

हे चालू असताना सोनी आतल्या खोलीत दार लावून टीव्ही बघत असे. मुलं जोरात हसली की टीव्हीचा आवाज वाढायचा.

आणि नेमक्या त्याच वेळी चिमाबाई डबा घेऊन यायची. किलवणीहून अकराची रिक्षा धरायची, बाहेरच्या खोलीत बसलेल्या मुलांमधून पदर सावरत वाट काढायची आणि आत जाऊन सोनीला कळण्याची भाकरी आणि ठेचा भरवायची. दार उघडंच ठेवायची. एका रविवारी संजूने विचारलं, आंटी, सोनी को भूख नहीं लगती क्या? आतून चिमाबाईने मोठ्याने सांगितलं, लगती है, मगर माँ के हाथ की नहीं.

त्या दिवशी मुलं गेल्यावर अलकाने विषय काढला. तिने शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. ताई, रविवारी डबा आणू नका, तिला भूक लागली तर कदाचित बाहेर येऊन बसेल. चिमाबाई भांडी आवरत होती, ती वळली.

"तीन वर्सं मी तिले खाऊ घातलं. ताप आला तव्हा रातभर मांडीवर घेतलं. पहिल्यांदा दात पडला, त्यो बी मीच फेकला. आता तू मले डबा नको आणू म्हनती?"

"तुमचे उपकार आहेत, ताई. मी ते नाकारत नाही."

"उपकाराचं नको सांगू. पोरगी भुकी ठेवायले बघती, ते सांग."

अलकाने वाल्मिककडे पाहिलं. ते दारातल्या चपला नीट लावत होते. त्यांनी चपला लावून झाल्यावर पुन्हा लावल्या. डबा येत राहिला.

पाचव्या रविवारी अलकाने मुलांच्या आयांना बोलावलं. इटली होती. उकडलेल्या बटाट्याचे आणि मैद्याचे छोटे गोळे मुलांनी वळायचे, काट्याने त्यावर रेघा ओढायच्या, उकळत्या पाण्यात सोडायचे आणि वर टोमॅटोचा लाल सॉस. सॉसमध्ये तिने गाजर, भोपळा आणि पालक शिजवून वाटून मिसळला होता, मुलांना कळणारही नाही असा. सकाळपासून ती उभी होती. सॉस तयार करून झाकून ठेवला आणि आया आल्या म्हणून ती दाराशी गेली. दोन मिनिटं लागली असतील, फार तर तीन.

हॉटेलात शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे चाखल्याशिवाय ताट बाहेर जात नाही. त्या दिवशी ती चाखायला विसरली. आया चटयांवर बसल्या होत्या, ममताने मोबाईल समोर धरला होता आणि म्हणत होती, दीदी, पहिला घास गुड्डीला तुमच्या हाताने द्या. अलकाने गोळा सॉसमध्ये बुडवून गुड्डीच्या तोंडात घातला.

गुड्डीने आधी नुसते डोळे मोठे केले. मग ती खोकली, ओकली आणि किंचाळायला लागली. तोंड पुसलेल्या हातांनीच डोळे चोळले, तेव्हा तिचं रडणं खालच्या मजल्यापर्यंत गेलं. अलकाने बोट सॉसमध्ये घालून जिभेला लावलं. लवंगी मिरचीचं तिखट होतं, मूठभर तरी. ममताने पोरीला उचललं आणि जिन्यावरून उतरता उतरता हिंदीत जे बोलायचं ते बोलली. घरात विष ठेवता, लोकांच्या लेकरांवर प्रयोग करता, स्वतःची पोरगी का खात नाही ते आज कळलं. बाकीच्या आयांनी आपापली मुलं हाताला धरून नेली. बटाट्याचे गोळे पातेल्यात फुगत राहिले. अलकाने गॅस बंद केला.

मोरीत नळ चालू होता. सोनी नळाखाली दोन्ही हात धरून उभी होती आणि ओठ चावत होती. तिची बोटं लाल झाली होती. अलकाने तेलाची बाटली आणली, तिची बोटं धरून तेल चोळलं, मग दह्यात हात बुडवायला लावला. सोनीने हात काढून घेतला नाही, कारण आग फार होत होती. वाल्मिक आणि चिमाबाई दाराशी येऊन उभे राहिले.

"तू टाकलंस?" अलकाने विचारलं.

"हो."

"चार वर्षांची आहे ती."

"तू तिला भरवत होतीस," सोनी म्हणाली.

अलका म्हणाली, "राग माझ्यावर होता तर माझ्या ताटात टाकायचं."

"तुझं ताट कुठे असतं? तू नुसती दाखवतेस. फोनवर पण दाखवायचीस. हे बघ सोनी, आज हे केलं, हे बघ केवढा केक. मी इथे करपलेली खिचडी खात बसायची आणि तू मला ताटं दाखवायचीस. कुणाची होती ती ताटं?"

अलकाला ते फोन आठवले. काउंटर मांडून झाला की पाहुणे यायच्या आधी दहा मिनिटं मिळायची. तेवढ्यात ती व्हिडिओ कॉल करायची आणि कॅमेरा फिरवून सगळं दाखवायची, पोरगी खूश होईल म्हणून. पलीकडे सोनी गप्प बसून बघायची. ती बघते आहे याचंच अलकाला समाधान वाटायचं.

चिमाबाईला पोरीची आई आवडत नव्हती, तरी ती मध्ये पडली. म्हणाली, "असं नको बोलू बाई. तुझी माय घरासाठी गेली व्हती." तीन वर्षं घरात हेच सांगितलं गेलं होतं. पोरीला, शेजाऱ्यांना, शहाद्याच्या नातेवाइकांना, सगळ्यांना.

"मग एक वर्ष जास्त कशाला राहिली?" सोनीने विचारलं.

वाल्मिक म्हणाले, "बस झालं आता."

अलकाने दह्याची वाटी खाली ठेवली. "मला राहायचं होतं म्हणून राहिले," ती म्हणाली. "मला ते काम आवडत होतं. घरासाठी वगैरे नाही. कुणी मला पाठवलं नव्हतं, मीच गेले. तुझी आठवण यायची आणि तरी मी राहिले."

सोनी आईच्या तोंडाकडे बघत होती. इतके महिने तिने सरळ असं तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. मग ती आत गेली आणि दार लावलं. वाल्मिक अलकाला हळूच म्हणाले, "हे पोरीसमोर सांगायची गरज नव्हती. आणि माझ्यासमोर तर नव्हतीच." ते बाहेर निघून गेले आणि संध्याकाळी आले.

गुड्डी दुपारपर्यंत बरी झाली. अलका खाली गेली. ममताने दार अर्धंच उघडलं. अलकाने सांगितलं की तिखट माझ्या मुलीने टाकलं, आणि मी चाखलं नाही ही चूक माझी. ममता म्हणाली, मुलगी तुमचीच ना, आणि दार लावून घेतलं. रविवारचा वर्ग तिथेच संपला. ममता जिन्यात समोर आली तर भिंतीकडे तोंड करून उतरू लागली.

पोरीचं नाव घेतलं म्हणून चिमाबाई भडकली. आपल्या पोटच्या पोरीचं नाव शेजारणीला कोण सांगतं, असं तिचं म्हणणं. अलकाने ते ऐकून घेतलं आणि त्याच वेळी तिघांनाही एकदम सांगून टाकलं. उद्यापासून सोनीसाठी मी काही करणार नाही. तुम्हीही करायचं नाही, पप्पांनीही नाही. डबा आला तर मी परत पाठवीन. तिला कुणाच्या हातचं खायचं नाही, तर तिने स्वतःच्या हातचं खावं. गॅस मी पेटवून देईन, मी तिथे बसेन, बाकी सगळं तिचं.

चिमाबाई म्हणाली, सावत्र मायबी असं करत नाही. वाल्मिक म्हणाले, दहा वर्षांची आहे ती. अलका म्हणाली, दहा वर्षांच्या पोरीला मूठभर तिखट टाकता येतं. दोघांनाही ते पटलं नव्हतं. त्या आठवड्यात चिमाबाई दोनदा डबा घेऊन आली, आणि दोन्ही वेळा अलकाने दारातूनच तो परत केला. दुसऱ्या वेळी चिमाबाई जिन्यात बसून रडली. आतून सोनीने ते ऐकलं. अलकानेही ऐकलं, पण तिने दार उघडलं नाही.

सोमवारी सोनीने भात लावला. पाणी कमी पडलं, खालून करपला, वरून कच्चा राहिला. तिने तो मीठ घालून खाल्ला. अलका कोपऱ्यात स्टुलावर बसून होती. तिने हात लावला नाही की काही सांगितलं नाही. मंगळवारी बटाटा कापताना सोनीच्या बोटाला लागलं. अलकाने पट्टी लावली आणि सुरी परत तिच्या हातात दिली. सोनीने तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर उठून गेली असती.

दुसऱ्या आठवड्यात तिला भात जमला. तिसऱ्या आठवड्यात खिचडी जमली, आणि ती सलग चार दिवस खिचडीच खात होती. पाचव्या दिवशी ताट तिच्यापुढे होतं आणि ती खात नव्हती. तिला स्वतःच्याच खिचडीचा कंटाळा आला होता. वाल्मिक म्हणाले, मी काही करू का? ती म्हणाली, नको. तेव्हा कुठे त्यांना कळलं की आता ती त्यांच्याही हातचं खाणार नाही. त्यांना ते लागलं. ते अलकाला म्हणाले, झालं तुझ्या मनासारखं.

एक दिवस अलका बाजारातून आली तर तिची लाल वही ओट्यावर उघडी होती आणि सोनी टोमॅटो चिरत होती. उत्तर आफ्रिकेकडचा पदार्थ होता. कांदा-लसूण परतायचा, जिरं आणि लाल मिरची घालायची, टोमॅटोचा दाट रस्सा करायचा आणि त्यात खड्डे करून अंडी फोडायची. मस्कतच्या काउंटरवर तो रोज असायचा. सोनीने कधी अंडं खाल्लं नव्हतं. अलकाने पिशवी ठेवली, गॅस पेटवून दिला आणि स्टुलावर बसली.

सोनीने जिरं करपवलं. वाटीत अंडं फोडताना कवच पडलं, ते ती चमच्याने काढत बसली. रस्सा आटला. सगळं झाल्यावर तिने पाव घेतला, एक घास तोंडात घातला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. अलकाला वाटलं, ती थुंकणार. तिने गिळला. मग दुसरा घेतला. साडेतीनला वाल्मिक आले, त्यांना वाढलं. ते खाऊन म्हणाले, छान झालंय. कढईत एक अंडं उरलं होतं. सोनीने ते झाकून ठेवलं आणि आत्यासाठी आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी चिमाबाई आली. तिला अंडी चालायची नाहीत, तिने नुसता रस्सा बोटाने चाखला आणि पदराने डोळे पुसले. मिरचीमुळे असेल.

मग सोनी वहीची पानं उलटायला लागली. जमेल तसं करायची, अर्धं फसायचं. नागलीची धिरडी फाटली. हिरव्या वाटाण्याचं सूप तिला आवडलं नाही, तरी संपवलं, कारण टाकून दिलं असतं तर आईने पाहिलं असतं. पालक ती आता वेचत नव्हती. विचारायचं असेल ते सरळ विचारायची, मम्मी न म्हणता. "पीठ किती वेळ आंबवायचं?" अलका सांगायची, दोन दिवस. "थंडीत?" तीन. एवढंच. मे महिन्यात दवाखान्यात रक्त तपासलं, ते वाढलेलं होतं. डॉक्टरबाई अलकाला म्हणाल्या, बघा, प्रेमाने केलं की मुलं खातात. अलकाने मान डोलावली. सोनी भिंतीवरचा तक्ता वाचत होती.

जूनमध्ये मस्कतहून फोन आला. हॉटेलने आणखी एक काउंटर काढला होता, सहा महिन्यांसाठी बोलावत होते. अलकाने ते लपवलं नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. वाल्मिकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, तुला जायचंच असेल तर मी काय सांगणार. चिमाबाई सोनीजवळ सरकली.

सोनी ओट्यापाशी पीठ मळत होती. मागे न वळता म्हणाली, "जायचं तर जा. वही ठेवून जा."

अलकाला पाच दिवस विचार करायला लागले. तिला जावंसं वाटत होतं, आणि हेही तिने कुणापासून लपवलं नाही. सहाव्या दिवशी तिने फोन करून नाही म्हणून सांगितलं. महिनाभराने दादऱ्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम धरलं. चारशे माणसांचं जेवण, डाळ-भात-भाजी, वहीतलं काहीच लागत नाही. ती चिडचिडी झाली आहे असं वाल्मिक म्हणतात. ती म्हणते, हो, झाले आहे.

आता रविवारी सोनी स्वयंपाक करते. गेल्या रविवारी तिने छोले आणि तिळाचं ते वाटण केलं, बरोबर भाजलेलं वांगं. चिमाबाईही आली होती. सोनीने तीन ताटं मांडली, पप्पांचं, आत्याचं आणि स्वतःचं. अलकाने फडताळातून आपलं ताट काढलं आणि वाटणाच्या वाडग्यातून स्वतःच वाढून घेतलं.

"तुझ्यासाठी नाही केलंय," सोनी म्हणाली.

"माहीत आहे," अलका म्हणाली आणि घास घेतला. "लसूण जास्त झालाय."

"आम्हाला असंच आवडतं."

चिमाबाई वाल्मिककडे बघायला लागली. वाल्मिक खात होते. अलकाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सोनीने तिच्या ताटाकडे पाहिलं आणि वांग्याचा वाडगा उचलून स्वतःच्या बाजूला ठेवला.